कोलेतची प्रार्थना

बस्त्याव वारल्यावर भुईगावातल्या त्याच्या घरी रोज संध्याकाळी शेजारीपाजारी प्रार्थनेला जमायचे. येशूची तसबीर आणि बस्त्यावचा फोटो यांच्यासमोर मेणबत्त्या लावून, चटयांवर बसून जपमाळ ओढत सगळे अगदी सावकाश रोझरी म्हणायचे. शेवटच्या संध्याकाळी रोझरी संपली तेव्हा प्रार्थना सांगणारे पास्कू मास्तर म्हणाले, "बस्त्यावच्या आयुष्याबद्दल ज्यांना देवाचे आभार मानायचे असतील, त्यांनी मोठ्याने मानावेत."

त्याने चर्चच्या सणाला केलेल्या कष्टांबद्दल कोणी आभार मानले, कोणी त्याच्या हसऱ्या स्वभावाबद्दल. एकाला त्याने अडचणीच्या वेळी स्वतःच्या विहिरीचं पाणी दिलं होतं, त्याला तर बोलताना रडूच आलं.

मग बस्त्यावच्या बायकोने, कोलेतने, गुडघे टेकले. तिचा आवाज शांत होता.

"देवा, तू त्याला नेलंस. आता या घरात मला कोणी मारणार नाही. त्याबद्दल तुझे आभार."

मास्तर तसबिरीकडे बघायचं सोडून जमिनीकडे बघू लागले. बायकांचे हात तोंडावर गेले. कोलेतचा दीर इनास ताडकन उठला. "वहिनी, लाज वाटते का? माझा भाऊ अजून..."

"बस खाली, इनास," मागून त्याची म्हातारी आई म्हणाली. "ती तुझ्याशी नाय बोलत, देवाशी बोलते."

भिंतीला धरत धरत ती पुढे आली, सुनेच्या शेजारी तिने कसेबसे गुडघे टेकले आणि मुलाच्या फोटोकडे न बघता म्हणाली, "आमेन."