ओलं बांधलं

"आधी वाळू द्या हो," मी म्हटलं होतं. हंगाम संपून होडी पुळणीवर ओढली त्याच संध्याकाळी वळवाचा पाऊस आला आणि होडीमागचं इंजिन चिंब भिजलं. ह्यांनी धावत जाऊन पडवीत माझ्या चुलीवर ताणलेली ताडपत्री काढली, ओल्या इंजिनाला गुंडाळली आणि सुंभानं करकचून बांधली.

"झाकण काढा, पुसा, दोन दिवस वारं लागू द्या. ओलं बांधलं की आतून कुजतं. वीस वर्षं मासळी वाळवतेय मी."

"इंजिन म्हणजे काय बोंबील आहे?" हे म्हणाले. शेजारच्या होडीवरचे सगळे खो-खो हसले.

मग सगळा पावसाळा मी गळत्या पडवीत चुलीवर पत्रा धरून भात शिजवला. हे रोज किनाऱ्यावर जाऊन गाठ तेवढी चाचपून यायचे.

काल नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला. आज पहाटे गाठ सोडली, तर ताडपत्रीतून तांबडं पाणी ओघळलं. इंजिन हलेना. मेकॅनिकनं झाकण उघडलं आणि मान हलवली. "पावसानं काही बिघडलं नव्हतं, काका. कोंडून मारलंत."

तो गेल्यावर ह्यांनी ताडपत्री वाळूत भिरकावली. मग माझ्यावरच डाफरले, "पुन्हा एकदा सांगायला काय झालं होतं तुला?"

"बोंबील असते तर वास तरी आला असता," मी म्हटलं.

ह्या वेळी हसायला कोणी नव्हतं. सगळे समुद्रात गेले होते.