दिवेलागणीचं दार

नव्व्याण्णव साली रावेरच्या आमच्या केळीच्या पेढीत इंटरनेटवरून फोन घेणारा कॉम्प्युटर बसवायला जळगावहून निंबा आला. म्हणाला, “अक्का, याच्यापुढे फायरवॉल, म्हणजे प्रोग्रामची भिंत घालतो. यादीत पत्ता नसलेला कुणी आत येणार नाही.”

“माझ्या लोटनला येऊ दे.”

पोरगा आखातात जाऊन सहा वर्षं झाली, पत्र नाही. लोक म्हणाले, तेरावं करा. मी त्यांना ओटा उतरायला लावला.

“त्याचा पत्ता कुठे माहीत आहे, अक्का?”

“मग दिवेलागणीला भिंतीचं दार उघडं ठेव. तेव्हा माझ्या घराचं दार कुणी लावत नाही, तुझी भिंत कोण लागून गेली?”

निंबाने हसत कीबोर्डवर बोटं चालवून दार उघडलं. मी दिवा लावला. कॉम्प्युटरला जोडलेला फोन वाजला.

कॉम्प्युटरला इंटरनेटची बाहेरची तार अजून जोडायची होती. ती निंबाच्या हातातच होती.

मी फोन उचलला.

“माय, दार लावू नको. मी पोचतोच.”