रोहण्याचा रिमोट

“पुन्हा मुकं झालं बाप्पा हे,” वासुदेवरावांनी रिमोट भूपेंद्रच्या हातात दिला. “दाबून दाबून अंगठा दुखून आला.”

भूपेंद्रने पिशवी खाली ठेवली आणि आधी माठातलं पाणी प्यायला. आर्वीहून रोहण्यापर्यंत मे महिन्याच्या उन्हात मोटारसायकल चालवून त्याचं डोकं भणभणत होतं. कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला लागल्यापासून अंगातला शीण कधी पुरता उतरलाच नव्हता. कोणाचा प्रिंटर अडलेला, कोणाचा व्हायरस जाता जात नाही, आणि प्रत्येकाला भूपेंद्र आत्ताच्या आत्ता हवा. त्यात हे रोहण्याचं काम. रोहण्याचं नाव निघालं की दुकानातले बाकीचे माना फिरवत आणि भूपेंद्र निमूट मोटारसायकलची किल्ली उचले.

“कॉम्प्युटर मी कधी बंद करत नाई, पण काल दुपारभर लाईन नव्हती,” वासुदेवराव सांगू लागले. “इन्व्हर्टर बी बसलं. संध्याकाळी कॉम्प्युटर सुरू केला त भजनं दिसते, पण रिमोटचं आयकत नाई. मीच कोणतं तरी भलतं बटन दाबलं असन.”

“होते असं कधी कधी, काकाजी,” भूपेंद्र म्हणाला आणि खुर्ची ओढून बसला.

वासुदेवरावांचे हात कापत. माऊस धरला की पडद्यावरचा बाण सैरावैरा धावे. म्हणून पुण्याला असलेल्या रोशनने, त्यांच्या मुलाने, जुन्या कॅसेटमधली सगळी खंजिरी भजनं कॉम्प्युटरमध्ये भरली आणि वर हा रिमोट आणून दिला. पण रिमोटची भाषा कॉम्प्युटरला आपसूक कळत नाही. एका सॉफ्टवेअरमधून ती शिकवावी लागते. एक बटण दाबायचं, पडद्यावर त्याची खूण उमटली की सांगायचं, हे दाबलं की गाणं सुरू कर. मग पुढचं बटण, हे दाबलं की थांब. गाण्यांच्या प्लेअरला हे सगळं वेगळं शिकवायचं, सिनेमाच्या प्लेअरला पुन्हा वेगळं. अगदी जीव विटवणारं काम.

वासुदेवराव शेजारी स्टुलावर बसले.

“डोये काऊन लाल दिसते तुह्ये? झोपत नाई का?”

“झोपतो ना.”

“जेवला?”

“दुकानात खाल्लं काहीतरी.”

“काहीतरी म्हंजे काही नाई. वांग्याचं भरीत हाये. जेवल्याबिगर उठायचं नाई.”

भूपेंद्र हसला. बायको माहेरी निघून गेल्यापासून आर्वीतल्या भाड्याच्या खोलीत तो एकटाच होता. दिवसभर लोक त्याला कॉम्प्युटरबद्दल विचारत. तो जेवला का, हे विचारणारं दुसरं कोणी नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. वासुदेवराव थोडं बोलले, मग पडेल चेहऱ्याने त्यांनी रिसीव्हर भूपेंद्रपुढे धरला. “रोशन हाये. तुह्याशीच बोलतो म्हणते.”

“भाऊ, एक खरं सांगा,” तिकडून रोशन म्हणाला. “तुम्ही दर वेळेस तेच तेच करून देता ना? मशीनमध्ये काही बिघाड आहे का?”

भूपेंद्रने रिमोटकडे पाहिलं. “नाही. मशीन चांगली आहे.”

“म्हणजे बाबाच विसरतात. भलतंच दाबून बसतात. आज रिमोट आहे, उद्या गॅस सुरू ठेवतील. त्यांना एकटं ठेवायची भीती वाटते हो मला. रविवारी येतोय मी. रिमोट सुरू दिसला तर ठीक, नाही तर त्यांना पुण्याला घेऊनच जातो.”

भूपेंद्रने रिसीव्हर ठेवला. वासुदेवरावांना काय बोलणं झालं ते सांगायची गरज नव्हती.

“चौथ्या माळ्यावर राह्यते तो,” ते म्हणाले. “लेक चांगला हाये, सून बी चांगली हाये. पण तिथं मी कोणाच्या वट्ट्यावर जाऊन बसू? इथं मंगळवारी भजनाले सारे येते. दार लोटलं त कोणी ना कोणी हाक देते.” मग त्यांनी स्टूल भूपेंद्रच्या जवळ ओढलं. “खरं सांगजो बेटा. माह्यं डोकं गेलं का रे?”

भूपेंद्र पुन्हा पडद्याकडे वळला.

“नाई, काकाजी. तुमचं डोकं साबूत आहे.”

“मंग बिघडते काऊन?”

 भूपेंद्रने आवाज वाढवायचं बटण दाबलं, पडद्यावर खूण उमटली, ती त्याने जागच्या जागी बसवली. एकेक करून सगळी बटणं शिकवून झाली. त्याने रिमोट वासुदेवरावांच्या हाती दिला. त्यांनी भीत भीत अंगठा टेकवला आणि खंजिरी वाजू लागली. म्हाताऱ्याचा चेहरा असा काही खुलला की भूपेंद्रला तिकडे बघवेना.

“भाकर टाकतो,” म्हणत वासुदेवराव उठले. स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन थबकले. “आता रविवारपर्यंत टिकन ना हे?”

“टिकते.”

“आन् मंग बिघडलं त? येशीन ना तू?”

“आता नाई बिघडत, काकाजी.”

ते आत गेले. परातीचा आवाज आला. भूपेंद्र पडद्याकडे बघत बसून राहिला. आता इथे बोलावणं येणार नाही, भरीत नाही, डोळे का लाल म्हणून कोणी विचारणार नाही. त्याला फार एकटं वाटलं. सॉफ्टवेअरच्या खिडकीत वरच्या कोपऱ्यात ‘सेव्ह’चं बटण होतं. ते एकदा दाबलं की लाईन जावो, कॉम्प्युटर बंद पडो, शिकवलेलं काही पुसलं जात नाही. इतक्या खेपांत आज पहिल्यांदा त्याने ते दाबलं.