शिडीची जागा

शुक्रवारी तारापूरच्या एमआयडीसीतले कारखाने बंद असतात; तरीही जिवल्याने त्या सकाळी गाडी रोजच्यासारखीच भरली. आधी पिकअपचा हौदा झाडून घेतला. मग अ‍ॅल्युमिनियमची शिडी हौद्याच्या मधोमध, तळावर सपाट ठेवली. हुक-बोल्टची पोती, दोरखंड, मशिनांच्या पेट्या आणि सीलंटचे डबे तिच्या दोन्ही अंगांना रेटून बसवले. मागे बाहेर आलेल्या टोकाला लाल फडकं बांधलं. शिडीवर मात्र साधा पानाही ठेवला नाही.

आनंदा ओट्यावर चहा पीत ते पाहत होता. कारखान्यांच्या छपरांचे पत्रे बदलण्याची कंत्राटं तो घेई. जिवल्या त्याच्याकडचा सर्वांत जुना माणूस. मासवणकडच्या पाड्यावरचा, अंगाने उंच, हाताला चपळ आणि या एका बाबतीत कमालीचा हट्टी. केबिनवर शिडी बांधण्यासाठी स्टँड होता, पण तो ती वर चढवत नसे. मधली जागा रोज वाया जाई आणि मागे राहिलेल्या सामानासाठी दुसरी खेप करावी लागे.

"आज तुझी ही खोड मोडतो बघ," आनंदा म्हणाला.

"मोडा की, शेठ. पण आदी चहा तरी संपवा."

चिंचणी रस्त्यावरच्या रामनाथच्या वेल्डिंगच्या दुकानात त्यांनी सामान उतरवलं. गाडीत कुलपाच्या पेट्या बसवायच्या होत्या, त्या या सामानाच्या मापाने बनवायच्या होत्या. रामनाथ खडू घेऊन रिकाम्या हौद्यात चढला आणि तळावर रेघा ओढू लागला.

"दोनी बाजूंना कुलपाच्या पेट्या. केबिनच्या पाठी ही आडवी मोठी पेटी. मदे खणांचं कपाट, नि शिडी वर रॅकवर. एका खेपेत सगळं मावंल. नि चोर आला तर त्यालाच पेटीत घालून कुलूप लावतो."

आनंदाला हेच हवं होतं. एका मोठ्या कंपनीने त्याला वर्षभराचं काम देऊ केलं होतं. अवजारं गाडीत कुलपात राहिली पाहिजेत, एवढीच अट होती. आणि कुलपाची गरज त्याला कोणी पटवून द्यायला नको होती. दोन वर्षांपूर्वी पत्र्याऐवजी उजेडासाठी बसवलेल्या फायबरवर त्याचा पाय पडला होता, आणि तो फायबरसकट खाली आला होता. शुद्ध आली ती पालघरच्या दवाखान्यात. 'तुम्हाला सपाट निजवून आणलं, म्हणून पाठीचा कणा वाचला,' असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा त्याने मनोमन देवाला हात जोडले होते. त्याच दिवशीच्या धांदलीत गाडीतली दोन ड्रिल मशिनं आणि कटर कोणीतरी लांबवला. 'तू गाडीपाशीच होतास ना रे?' असं त्याने पुढे कितीदा तरी जिवल्याला सुनावलं होतं. जिवल्या ऐकून घेई आणि दुसऱ्या दिवशी शिडी पुन्हा तळावर ठेवी.

आता तो हौद्याच्या मागच्या फळक्याला टेकून रेघांकडे पाहत होता.

"मदे कपाट नको, शेठ. ती आडवी पेटी पण एवढी नको. नि शिडी वर तर नकोच."

"का? आज कारण सांगितल्याशिवाय तुला सोडत नाही."

जिवल्याने रामनाथकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडे.

"तुमी पडला त्या दिवशी शिडी वरच होती. गाठी सुटंनात. शेवटी दातानं सोडल्या. शिडी खाली घेतली, तुमाला तिच्यावर निजवलं, नि बगतो तर हौदा सामानानं गच्च. अ‍ॅम्ब्युलन्स लांब होती. शिडी ठेवायची कुठं? मग फेकलं सगळं रस्त्यावर. मशिनं पण." त्याने मान वर केली. "चोरबीर कोनी नव्हता, शेठ. मीच फेकली."

आनंदा त्याच्याकडे वळला.

"आणि मी तुला एवढं बोललो, तेव्हा गप्प का बसलास?"

"दवाखान्यात डोळं उघडलं, नि तुमी पहिलं काय विचारलं? 'मशिनं कुठं हायेत?' मी बायकोला म्हटलं, शेठ बरा झाला."

रामनाथ खो खो हसला. आनंदाही हसला, पण त्याचा हात नकळत पाठीकडे गेला होता आणि तिथेच थांबला. दोन वर्षं रोज सकाळी आपल्यासमोर कोणीतरी आपल्यासाठी जागा राखून ठेवत होतं, आणि आपण तिला वाया गेलेली जागा म्हणत होतो.

"मग काय करायचं, आनंदाभाऊ?" रामनाथने विचारलं. "कपाट काढलं तर एका खेपेत मावनार नाय."

"दोन खेपा करू," आनंदा म्हणाला.

त्याने रामनाथच्या हातून खडू घेतला, चपला काढल्या आणि तो हौद्यात चढला. कपाटाच्या रेघा त्याने पायाने पुसल्या. मग फळक्याकडे पाय आणि केबिनकडे डोकं करून तो तळावर सरळ उताणा निजला. लोखंड उन्हाने नुकतंच कोमट झालं होतं. हात मागे नेऊन त्याने डोक्यामागे एक रेघ ओढली. आडवी पेटी तिच्या अलीकडे येणार नव्हती.

तो उठून बसला. रेघेकडे पाहिलं, मग खाली उभ्या असलेल्या जिवल्याकडे पाहिलं. त्याने ती रेघ तळव्याने पुसली आणि केबिनच्या दिशेने चार बोटं सरकवून पुन्हा ओढली. जिवल्या त्याच्यापेक्षा उंच होता.