दहा वर्षं मागे

काचेच्या नळीत पडलेला मुखरू श्वास घेत नव्हता. मशीन चालवणाऱ्या अजयला आधी वाटलं, म्हातारा झोपला. मग त्याने नीट पाहिलं. ओठ घट्ट मिटलेले, मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या, छाती जागच्या जागी. त्याने माइकवरून हाक मारली, काचेवर टकटक केली. बऱ्याच वेळाने मुखरूने तोंड उघडलं, चार-दोन धापा टाकल्या आणि परत ओठ मिटून घेतले.

अजयने बाहेर केसपेपर लावत बसलेल्या ज्योत्स्नाला बोलावलं. ती मुखरूची मुलगी, याच दवाखान्यात नोकरीला. तिने काचेतून बापाकडे पाहिलं आणि ती डॉक्टरांना बोलवायला धावली.

चंद्रपुरात हे मशीन येऊन वर्षच झालं होतं. नळीत दाब वाढवायचा, शुद्ध ऑक्सिजन सोडायचा, माणसाने आत तासभर पडून राहायचं. आणलं होतं जुन्या जखमा भरण्यासाठी. पण गावात जखमावाले थोडे, म्हातारपणाला भ्यालेले उदंड. मग दारावर पाटी लागली, ‘वय दहा वर्षं मागे न्या’. ठेकेदार येऊ लागले, रिटायर साहेब आणि त्यांच्या बायका येऊ लागल्या. कोळशाची धूळ खाऊन जगणाऱ्या शहराला चांगल्या हवेचं अप्रूप असणारच. ज्योत्स्नाच्या शब्दाखातर डॉक्टरांनी तिच्या बापालाही घेतलं.

तिला काही तरुण बाप नको होता. होता तो जगावा, एवढंच तिचं मागणं होतं.

गेल्या कार्तिकात चामोर्शीकडच्या त्यांच्या गावी तिचा भाऊ देवानंद तलावात बुडाला. धानाला शेवटचं पाणी हवं होतं आणि तलावाचं तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं तळाचं भोक, गाळाने बुजलं होतं. बुडी मारून ते मोकळं करणं धीवराच्या घरचं काम. चाळीस वर्षं मुखरूने केलं. त्या वर्षी दम लागतो म्हणून पहिल्यांदा पोराला उतरवलं. तुडूम मोकळं झालं आणि पाण्याच्या ओढीने देवानंदचा पाय आत खेचला गेला. मुखरूने मागोमाग उडी घेतली. चारदा बुडी मारली. गढूळ पाण्यात पोरगा हाती लागला नाही, ही गोष्ट सगळ्या गावाला माहीत होती, आणि म्हाताऱ्याने जिवाचं रान केलं हेही.

त्या दिवसापासून मुखरूने जाळ्याला हात लावला नाही, ताटालाही जेमतेम. ज्योत्स्नाने त्याला चंद्रपुरात आपल्या घरी आणलं. कशालाच हो न म्हणणाऱ्या बापाला तिने ती पाटी वाचून दाखवली, तेव्हा त्याने तीनदा विचारलं, “खरंच दहा वर्षं?” दुसऱ्या दिवशी तो तिच्याआधी आंघोळ करून दारात उभा. दवाखान्यातल्या पोरी चिडवायच्या, “आजोबा, पोरगी पाहाची का आता?” तो हसायचा. बाप हसतो म्हणून ज्योत्स्ना वेड्यासारखी खूश व्हायची. वीस दिवसांत त्याचं वजन चार किलोने उतरलं होतं, तिकडे तिने पाहिलंच नाही.

डॉक्टर आले. त्यांनी स्वतः उभं राहून हळूहळू दाब उतरवला, मुखरूला बाहेर काढलं आणि ज्योत्स्नाला बाजूला घेतलं.

“दाब उतरताना श्वास धरला तर फुप्फुस फाटेल. मी ही जबाबदारी घेणार नाही. उद्यापासून बंद.”

“सर, धीवराची सवय आहे ती,” ती काकुळतीने म्हणाली. “कान दाबले की दम आपोआप धरला जाते. मी समजावते. एक दिवस द्या.”

डॉक्टरांनी एक दिवस दिला.

मुखरू बाहेर बाकावर बसला होता. दवाखान्याने दिलेले सुती कपडे अंगात ढगळ झाले होते. ज्योत्स्ना त्याच्याजवळ टेकली. बापावर ओरडावं की त्याच्या पाया पडावं, तिला कळेना.

“बाबा, दम काऊन धरता? पाणी नाई हाय ते. हवा हाय.”

“माहीत हाय मले.”

“मंग? हवा घेतल्याबिगर तब्येत कशी सुधरन?”

मुखरू आपल्या हातांकडे पाहत राहिला. “आत कान दाबते ना, माय. बराबर तुडमापाशी दाबते तसं. मंग मी मोजतो. पह्यल्या दिशी साठ झाले. आज एकशे दहा.”

“कायले मोजता?”

“एकशे चाळीस पाह्यजे. दहा साल आंधी होता तेवढा दम. तेवढ्यात पाय निंगते.”

“कोनाचा पाय?” तिने विचारलं, आणि विचारताच तिला कळलं. तिने त्याचा दंड धरला. “बाबा, काऊन जीव जाळता? अंधार होता तिथं. दादा तुमाले सापडलाच नाई, तुमी काय करान?”

“पह्यल्याच बुडीत सापडला होता,” मुखरू म्हणाला. “त्यानं माहा हात धरला होता, माय. माहा दम सरला. म्या त्याचं एकेक बोट सोडवलं.”