बोटांचे वळ

दीपालीच्या जबड्याखाली, दोन्ही कानांच्या मागे बोटांचे निळे वळ उठले होते. घनश्याम वाकून ते बघत राहिला. आपल्या बायकोच्या अंगावर दुसऱ्या कुणाची बोटं उमटलेली बघून त्याच्या डोक्यात तिडीक गेली.

"हात नका लावू हो," विमलताई सिस्टर ओरडल्या. "डोकं हलता कामा नये. बाहेर थांबा दोघंही."

व्हरांड्यात येताच अंकुर म्हणाला, "पाह्यलं ना भाऊजी? मी खोटं सांगत होतो का?"

अंकुर दीपालीचा धाकटा भाऊ. सकाळी कार तोच चालवत होता. खाणीकडे जाणाऱ्या रुळावर फाटक नाही. कोळशाची मालगाडी रमतगमत येते, म्हणून कुणी तिची पर्वाही करत नाही. त्या रमतगमत येणाऱ्या गाडीने कार उचलून बाजूच्या नालीत टाकली. अंकुरचं मनगटाच्या दुखापतीवर भागलं. मागे बसलेली दीपाली मात्र सीटमध्ये अडकली.

"मी ताईले काढणार, तेवढ्यात सुनील आला," अंकुर सांगू लागला. हे तो चौथ्यांदा सांगत होता. "मागच्या काचेतून आत घुसला आन् दोन्ही हातांनी तिची मान आवळून बसला. मी वढायले गेलो तं कोपर हाणलं मले. ताई पाणी-पाणी करून राह्यली होती, थेंब पाजू दिला नाही त्यानं. लोकांनी पाठीत बुक्क्या घातल्या, तरी सोडलं नाही. ॲम्बुलन्सवाले आले तवा कुठं हात काढले. मग लोकांनी चांगला चोपला अन् ठाण्यात नेऊन दिला."

"पण काहून केलं असंल त्यानं?"

"काहून म्हंजे? त्याची बायको शीला सात वर्षं झाली खाटंवर हाय. माशी बसली तं हाकलता येत नाही तिले. आपली दीपाताई गावभर फिरते, हे पाहवत नसंल त्याले."

घनश्यामला ते पटलं. पटायला जड नव्हतंच. सुनीलचं मन आपल्याविषयी साफ नाही, हे त्याला कधीचं ठाऊक होतं.

सात वर्षांपूर्वी याच रुळावर शीलाच्या ऑटोला मालगाडी लागली, तेव्हा सगळ्यांच्या आधी शेतातून धावत गेला होता तो घनश्याम. बाकीचे बघत उभे होते. ऑटोच्या चेपलेल्या टपाखालून पाय धरून त्याने एकट्याने तिला बाहेर ओढलं. ग्रामपंचायतीने शाल-नारळ दिला. तो किस्सा घनश्याम अजून चहाच्या टपरीवर रंगवून सांगायचा. बाई भेदरलेली, बाहेर यायला तयार नाही, आणि ओढता ओढता तिनं छातीत अशी लाथ घातली की आठ दिवस श्वास घेताना कळ यायची. लोक पोट धरून हसायचे.

आणि सुनील? सत्काराला आला नाही. दारात येऊन कधी दोन शब्द बोलला नाही. रस्त्यात दिसला की खाली मान घालून निघून जायचा. केल्या उपकाराची जाण नाही ती नाहीच, वर हे!

बाकावर बसलेल्या हवालदाराने कागद पुढे केला. "गळा दाबून जिवे मारायचा प्रयत्न, असं लिवलं हाय. वाचून घ्या. सही झाली का मंग त्याचं सुटणं अवघड हाय."

"वाचायचं काय त्यात?" घनश्यामने पेन घेतलं आणि ठसठशीत सही केली. सकाळपासून पहिल्यांदा त्याला बरं वाटलं.

इतक्यात आतून डॉक्टरबाई आल्या. घनश्याम ताडकन उठला.

"पाय हलवतायत त्या. दोन्ही," डॉक्टरबाई म्हणाल्या.

घनश्यामने भिंतीला टेकून हुंदका दिला. अंकुरने त्याला धरलं.

"मानेचा मणका मोडलाय. पण आतली नस वाचली आहे. ऑपरेशन नीट झालं तर चालतील." मग त्यांनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "त्यांची मान कोणी धरून ठेवली होती?"

अंकुरने हवालदाराकडे बघितलं.

"वळ बघितले मी. गळ्यावर एकही नाही, सगळे जबड्याखाली नि कानांमागे आहेत. केसभरही हलू दिलेली दिसत नाही मान. त्या माणसाला एकदा भेटायचंय मला. नाहीतर आपले लोक काय करतात? मदत म्हणून हातपाय धरून ओढून काढतात. आत असेपर्यंत पेशंट चांगला पाय झाडत असतो. बाहेर काढला की पाय गेलेले असतात, जन्मभरासाठी."

हवालदाराने कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

घनश्यामचा हात नकळत छातीवर गेला, शीलाची लाथ बसली होती तिथे.