मालकाचं नाव

“नावाच्या जागी परत नुसती शांतता,” रेकॉर्डिंगच्या काचेपलीकडून कित्बोक म्हणाला. “दाफीशा, तिथे काय भरायचंय ते आज ठरव बाई. अल्बमचं बाकी सगळं उरकलंय.”

दाफीशाने कानावरचे हेडफोन काढले. घोडं अडलं होतं ते एवढ्यावरच. गेल्या पावसाळ्यात जैंतिया डोंगरातल्या एका कोळशाच्या खड्ड्यात पाणी घुसलं आणि आसामकडून आलेले मजूर आतच राहिले. खड्डा कुणाचा, हे कुणी सांगेना. गावचा मुखिया तर क्वायचा विडा चघळत आभाळाकडे बघत बसला. तिने चिडून गाणं लिहिलं, ‘उ त्राइ, मालका, वर ये, तोंड दाखव.’ शिलाँगच्या चौकात ते गाताना तिने जाहीरच करून टाकलं, की अल्बममध्ये मालकाचं नाव घेईन. गर्दीत एक बाई होती, नवरा त्या खड्ड्यात राहिलेली. कार्यक्रम संपल्यावर ती जवळ आली आणि म्हणाली, “नाव कळू दे, बस.” दाफीशाने तिला शब्द दिला होता.

अल्बममधली उरलेली गाणी आईवरची होती. आई हिवाळ्यात गेली. जाण्याआधी कित्येक महिने ती कुणाशी बोललीच नाही, तिच्या त्या अबोल्यावर दाफीशाने तीन गाणी केली होती. ड्रम वाजवणारा बान्तेई त्यावरून तिला ‘काँग’, म्हणजे ताई, म्हणत तिची टर उडवायचा.

“काँग, अर्धा मोर्चा आणि अर्धं रडगाणं. लोकांनी मुठी आवळायच्या की नाक पुसायचं?”

ती त्याला शिव्या घालायची खरी, पण दोन्ही एका ताटात का वाढलंय, ते तिलाही धड सांगता येत नव्हतं.

तेवढ्यात दार ढकलून ओलियसमामा आत आले. गावाहून सकाळची सुमो पकडून आले होते. घरात शेवटचा शब्द मामाचा, आणि जैंतियातली टेकडी न् टेकडी त्यांना पाठ. म्हणूनच तिने नाव काढायला त्यांना सांगितलं होतं.

“मामा, नाव आणलंत?”

“आधी गाणं ऐकव.”

कित्बोकने गाणं लावलं. मामा खाली मान घालून ऐकत राहिले. 

“चाल झकास आहे,” गाणं संपल्यावर ते म्हणाले. “पण एक चूक आहे. ‘उ त्राइ’ नाही. ‘का त्राइ’ म्हण.”

बान्तेई फिस्सकन हसला. “घ्या! मामांनी व्याकरणाचा तास घेतला.”

खासीत पुरुषाच्या आधी ‘उ’ लागतो, बाईच्या आधी ‘का’. दाफीशाही हसणार होती, पण मामांचं तोंड बघून तिचं हसू जागच्या जागी विरलं. इथे जमीन आईकडून लेकीकडे जाते. आणि इतके महिने तिने मालक म्हणून डोळ्यांसमोर आणला तो जीपमधून फिरणारा, मिशीला पीळ भरणारा बाप्या. शाळकरी मुलगीही करणार नाही अशी ही चूक होती.

“बाई आहे? कोण बाई?”

मामांनी तिला बाहेर जिन्यात नेलं आणि दार लोटून घेतलं.

“खड्डा आपल्या पाइनच्या टेकडीत आहे,” ते म्हणाले. “मी चालवतो. पण मामा चालवतो फक्त, मामाच्या नावावर काही नसतं. तुझ्या आईची होती ती. पाणी घुसल्याचं तिला कळलं, आणि तिची वाचाच गेली.”

“आणि आता?”

“आईमागे सगळं धाकट्या लेकीला जातं. आता हे पण मीच शिकवू का तुला?”

 टेकडी आपल्याला मिळाली, हे दाफीशाला ठाऊक होतं. तिला वाटत होतं, तिच्यावर नुसती झाडं आहेत. शेकडो लोकांच्या गर्दीत ती ज्याला ‘वर ये’ म्हणून ओरडत होती, तो वरच होता, माइक धरून.  तिने कठडा धरला.

“अगं, घाबरतेस काय? मी आहे ना,” मामा मायेने म्हणाले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “ते एक गाणं काढून टाक, झालं. कुणाला कळतंय? आईची गाणी किती गोड आहेत. ती ठेव.”

 ती आत गेली, हेडफोन चढवले आणि कित्बोकला हाताने खूण केली. मामा सुटकेचा श्वास टाकून दारातच उभे राहिले. आता सगळं नीट होणार, असं त्यांना वाटलं असावं.

गाणं सुरू झालं. दाफीशा ‘का त्राइ’ म्हणाली. नावाची जागा आली तेव्हा आईच्या कुळाचं नाव घेतलं आणि पुढे आपलं.

कित्बोकने हसत हसत गाणं थांबवलं. “अगं ए, स्वतःचंच नाव घेतलंस की! चल, पुन्हा घेऊ.”

मामा मटकन स्टुलावर बसले. बान्तेईने त्यांच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, आणि काठ्या खाली ठेवल्या.

“हे राहू दे, बाह,” दाफीशा कित्बोकदादाला म्हणाली. “आईच्या अबोल्यावरची तिन्ही पुसून टाक. तिला नाव माहीत होतं. चूक तिथे आहे.”